शाळेत वजन असलं की लेक डबाच खात नाही

आभाळवेडी (सोमवार, रात्री १०:४०)

लेक सातवीत आहे. तिच्या शाळेत वर्षातून दोनदा उंची-वजन करतात, प्रगतिपुस्तकात त्याची चौकट असते ना, ती भरायला. गेल्या बुधवारी सकाळी तिने पोह्यांना हात लावला नाही, दूध नको म्हणाली आणि निघताना केसांतल्या दोन मोठ्या क्लिपा काढून आरशापुढे ठेवून गेली. मला वाटलं, नवीन काहीतरी फॅशन. संध्याकाळी डबाही जसाच्या तसा परत. खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "आज वजन होतं. क्लिपांचं पण असतं ना वजन."

पद्धत अशी आहे की अख्खा वर्ग ओळीत उभा. काट्याजवळ एक सर, चार-पाच हातांवर टेबलाशी बाई. सर हजेरी क्रमांक आणि आकडा खणखणीत आवाजात सांगतात, बाई लिहून घेतात. हिचा आकडा आला ५२. सर हसून म्हणाले, "वा, बावन्नकशी सोनं आहे आमचं!" सरांच्या मनात काही वाईट नव्हतं हे मलाही कळतंय. पण त्या दिवसापासून व्हॅनमध्ये तिचं नाव बावन्नकशी पडलंय.

तुमच्या मुलांना काही वाटतं का शाळेत वजन करताना? तुम्हाला स्वतःला काय वाटायचं? आणि शाळेत जाऊन बोलावं का, की मीच बाऊ करतेय?

चहाबाज

बाऊ करताय असं माझं स्पष्ट मत. आमच्या वेळी गुरुजी नापासांची यादी फळ्यावर लावायचे, फी न भरलेल्यांची नावं प्रार्थनेला वाचायचे. मेलो का आम्ही? हल्लीच्या मुलांना वारासुद्धा टोचतो.

रातराणी७७

चहाबाज, मेला नाहीत, पण ४० वर्षांनी अजून ती यादी लक्षात आहे तुमच्या. फीच्या यादीत होतात की नापासांच्या? (हलके घ्या)

चहाबाज

दोन्ही.

शेवग्याची शेंग

धागा उघडला आणि हात आपोआप खिशाकडे गेला. कारण सांगतो. मी वरच्या नावाप्रमाणेच होतो. आठवीत २९ किलो. वजनाच्या दिवशी मुली पोट रिकामं ठेवून यायच्या आणि मी मैदानातले खडे दोन्ही खिशांत भरून. एका वर्षी ३३ भरलो. सरांनी पाठ थोपटली, म्हणाले, "उन्हाळ्याची सुट्टी मानवली." पुढे चालायला लागलो तर चड्डी खाली यायला लागली. तिथून पुढचं सांगत नाही.

सांगायचा मुद्दा, ओळीत फक्त जाड पोरंच घाबरलेली नसतात. "फूं केलं तर उडेल" हे मी किती वेळा ऐकलंय त्याची मोजदाद नाही, आणि बारीक माणसाला काहीही बोललं तरी चालतं अशी लोकांची समजूत असते. वर "खातोस काय रे, घरी देत नाहीत का?" हे आईच्या जिव्हारी लागायचं ते वेगळंच.

गुळपोळी

खडे!! खिक् खिक्. ऑफिसात वाचत होते, शेजारची बघायला लागली.

माझ्या प्रगतिपुस्तकात पाचवीच्या पहिल्या सत्रात उंची १३८ आणि दुसऱ्या सत्रात १३५ आहे. बाबांनी सही करताना खाली लिहिलं होतं, "अभ्यासाच्या ओझ्याने असावे."

पाटीवरचा खडू

मी शिक्षक आहे, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो. शिव्या द्यायच्या असतील तर शेवटपर्यंत वाचून द्या.

माझ्या वर्गात ६१ मुलं. शाळेत चालू काटा एक. तास ३५ मिनिटांचा. त्यात बूट काढा, बूट घाला, कोणाचा मोजा दुसऱ्याने लपवला, ही भांडणं. एक जण वाचणारा, एक लिहिणारा, नाहीतर होतच नाही. आणि लिहिणाऱ्याला ऐकू जावं म्हणून वाचणारा ओरडतो, दुसरं काही नाही. वर्गात ६० पोरं कलकलत असताना कुजबुजून कसं सांगणार?

आता कबुली. पुष्कळ ठिकाणी दुसऱ्या सत्राचं वजन करतच नाहीत. मार्चमध्ये निकालपत्रकं लिहायची घाई असते. पहिल्या सत्रात अधिक २ किलो, अधिक ३ सेंटिमीटर, झालं. गुळपोळींच्या बाईंचं बहुतेक अधिक-वजा चिन्ह चुकलं.

मुक्कामपोस्ट

खडू सर, प्रामाणिकपणाबद्दल सलाम. पण टेबल काट्याजवळ सरकवायला काय लागतं? वाचणारा आणि लिहिणारा शेजारी-शेजारी बसले की ओरडायचं कारणच राहत नाही.

पाटीवरचा खडू

आमच्याकडे लॅपटॉपवर भरतात. त्याची बॅटरी गेलेली आहे. प्लगचा बोर्ड खोलीत एकच, फळ्याखाली. काटा तिथे ठेवता येत नाही कारण तिथली फरशी खचलेली आहे, काटा डुगडुगतो आणि प्रत्येक पोर दीड किलोने हलकं भरतं.

हसू नका. खरंय.

रातराणी७७

ती खचलेली फरशी आमच्या सोसायटीच्या जिममध्ये बसवून मिळेल का?

नाडीपरीक्षा

मी मुलांची डॉक्टर आहे. दोन गोष्टी सांगते, त्यातली एक धागाकर्तीसाठी.

सातवीत ५२ हा आकडा ऐकून घाबरू नका आणि लेकीलाही घाबरू देऊ नका. मुलगी साधारण १०-११व्या वर्षी झपाट्याने वाढायला लागते, मुलगे तिच्या मागून दोनेक वर्षांनी. त्यामुळे सहावी-सातवीच्या वर्गात कितीतरी मुली मुलांपेक्षा उंच आणि वजनदार असतात. पाळी यायच्या आसपासच्या एखाद्या वर्षात ५-७ किलो सहज वाढतात. हे होणारच, तसं शरीर बनलेलं आहे. आणि नेमक्या त्याच वर्षी आपण तिला मुलांच्या ओळीत उभं करून आकडा ओरडतो.

दुसरं, मुलांचा बीएमआय मोठ्यांसारखा बघत नाहीत. मोबाइलवर वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग असं करून लोक मला "डॉक्टर, २१ आला" असे संदेश पाठवतात. मोठ्या माणसाला आकडा पुरतो. मुलांमध्ये त्या वयाच्या, मुलगा की मुलगी त्याप्रमाणे असलेल्या तक्त्यावर तो ठिपका कुठे पडतो ते बघावं लागतं. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने ५ ते १८ वयाचे आपल्या मुलांचे तक्ते २०१५ मध्ये सुधारून दिले आहेत. त्यावर मोठेपणीच्या २३ आणि २७ शी जुळणाऱ्या दोन रेषा आहेत, एक जादा वजनाची, दुसरी लठ्ठपणाची. एकच ठिपका फारसं काही सांगत नाही. तीन-चार वर्षांचे ठिपके जोडले की रेषा चढतेय की सपाट होतेय हे दिसतं. खडू सरांनी "अधिक २" केलं की माझी रेषा कायमची सरळ. ती बघून मी काय ओळखणार?

पाटीवरचा खडू

_/\_ चूक कबूल आहे.

सिंगापुरी पोहे

आमच्या इथली गोष्ट सांगते. सिंगापूरच्या शाळांमध्ये १९९२ पासून 'ट्रिम अँड फिट' नावाचा कार्यक्रम होता, सुटसुटीत नाव 'टॅफ'. वजन जास्त असलेल्या मुलांना टॅफ क्लबमध्ये घालायचे आणि बाकीची पोरं खेळत असताना यांना पळायला लावायचे. आता टॅफ हे इंग्रजी स्पेलिंग उलटं वाचा. फॅट! पहिल्याच आठवड्यात पोरांना सापडलं असणार. २००७ मध्ये तो बंद केला. माझ्या ऑफिसमधली एक मैत्रीण त्या क्लबात होती. आता चाळिशीला आली, अर्धी मॅरेथॉन पळते, पण डॉक्टरकडे गेली की काट्यावर पाठ फिरवून उभी राहते आणि "आकडा सांगू नका" म्हणते.

कॅलिफोर्नियाकर

अमेरिकेत याचा वेगळाच तमाशा. आर्कान्सा राज्याने २००३ मध्ये कायदा करून शाळेत मुलांचा बीएमआय काढायचा आणि घरी पत्र पाठवायचं सुरू केलं. मग इतर राज्यांनीही. हेतू चांगला होता, पालकांना कळावं. मॅसॅच्युसेट्समध्ये पालकांनी 'जाड्यांची पत्रं' म्हणून इतका आरडाओरडा केला की २०१३ मध्ये ती पत्रं बंद झाली.

आमच्या कॅलिफोर्नियात मग यावर पद्धतशीर अभ्यास झाला. ७९ शाळा, जवळजवळ २९ हजार मुलं. काही शाळांमध्ये वजन करून घरी कळवायचं, काहींमध्ये वजन करायचं पण कळवायचं नाही, काहींमध्ये काट्याला हातच लावायचा नाही. २०२० मध्ये निष्कर्ष छापून आले. घरी कळवल्याने मुलांच्या वजनात काही फरक पडला नाही. आणि ज्या शाळांमध्ये वजन होत होतं तिथल्या मुलांची स्वतःच्या वजनाबद्दलची नाराजी जरा वाढली.

म्हणजे खटाटोप करून हाती काय, तर नाराजी. माझं मत, शाळेने यात पडूच नये. वजन डॉक्टरकडे होतं की.

सातपुडा

कॅलिफोर्नियाकर, तुमच्याकडे डॉक्टरकडे होतं. आमच्याकडे नाही.

मी नंदुरबार जिल्ह्यात आश्रमशाळेत आहे, अकरावं वर्ष. माझ्या वर्गातल्या बहुतेक पोरांनी शाळेबाहेरचा काटा बघितला असेल तर तो दुकानातला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी येते, दोन डॉक्टर, एक औषधनिर्माता, एक परिचारिका. शाळेत वर्षातून एकदा, अंगणवाडीत दोनदा. हा कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्या पालघरमधूनच सुरू झाला होता. त्या दिवशी डोळे, दात, कान, हृदय सगळं बघतात, आणि वजनापासूनच सुरुवात होते. गेल्या पावसाळ्यानंतर एका मुलाचं वजन मागच्या वर्षीपेक्षा पावणेदोन किलोने कमी भरलं. वाढत्या वयात वजन नुसतं थांबलं तरी शंका घ्यायची, इथे तर उतरलं होतं. पुढे तपासणीत क्षय निघाला. पोरगं बोललं नव्हतं, आईबाप ऊसतोडीला. काट्याने सांगितलं.

त्यामुळे काटा बंद करा म्हणू नका. आमच्याकडे ओळीत उभं राहायला पोरांची धक्काबुक्की होते. दिवाळीच्या सुट्टीनंतर तर आपसांत पैजा लागतात, घरी जाऊन कोणाचं किती घटलं. हो, घटतं. ते ऐकून आपण हसायचं की काय करायचं ते कळत नाही.

रातराणी७७

सातपुडा, तुमच्या प्रतिसादानंतर माझा जिमचा विनोद मागे घेते.

सातपुडा

अहो, नका घेऊ. आम्हीपण हसतोच की.

स्पष्टवक्ता

सगळं ठीक आहे, पण मुळात शहरातली मुलं जाड होतायत हे सत्य कोणी बोलणार का? धागाकर्तीने आधी घरात बिस्किटं, पिझ्झा किती येतो ते सांगावं. सत्य ऐकवलं की लगेच भावना दुखावतात.

नाडीपरीक्षा

मी वर लिहिलंय ते वाचलंत का? उंची माहीत नसताना ५२ हे जाड की बारीक हे मला सांगता येत नाही. तुम्हाला येतंय, अभिनंदन.

लाल मातीवाला

आम्ही कोल्हापूरचं. तालमीत वाढलेलो, त्यामुळं आमचं सगळं उलटंच. आमच्याकडं वस्ताद काट्यावर उभा करून आकडा ओरडायचे आणि पोरं शिट्ट्या मारायची. "वाढलं रं दोन किलो!" म्हणजे त्या दिवशी थंडाई जादा. लाज कसली? कॉलर ताठ.

पण शालेय कुस्ती स्पर्धेला सगळं फिरायचं. गटात बसायचं असतं. आदल्या रात्री दोन-दोन स्वेटर घालून पळायचो, पाणी बंद, नुसतं थुंकत बसायचं. सातवी-आठवीतली पोरं हो. एकदा ३०० ग्रॅम जास्त भरलो तर न्हाव्याकडं नेऊन टक्कल केलं, तरी ८० ग्रॅम राहिलंच. विनेश फोगाटचं पॅरिसला १०० ग्रॅमनं झालं २०२४ मध्ये, तेव्हा सगळं गाव हळहळलं, आणि मी गप कोपऱ्यात बसून माझं टक्कल आठवत होतो.

सांगायचं काय, काटा तोच. एका दिवशी शिट्ट्या, एका दिवशी टक्कल. आजूबाजूची माणसं काय करत्यात त्यावर हाय सगळं.

गुळपोळी

लाल मातीवाला, तुमचा प्रतिसाद वहीत उतरवून ठेवावा असा आहे. ८० ग्रॅमचं पुढे काय झालं?

लाल मातीवाला

वरच्या गटात खेळलो. पहिल्याच कुस्तीत चितपट, दीड मिनिटात. टक्कल मात्र महिनाभर टिकलं.

लंडनची थंडी

इंग्लंडमध्ये कसं करतात ते सांगते, दोन्ही मुलांचं झालंय. २००६ च्या सुमारास सुरू झालेला राष्ट्रीय कार्यक्रम आहे. फक्त दोनदा, शाळेत शिरताना ४-५व्या वर्षी आणि मग १०-११व्या वर्षी. आधी पालकांना पत्र येतं, नको असेल तर नाही म्हणता येतं. बाहेरून माणसं येतात, बाजूच्या खोलीत एकेकाला नेतात, कपडे अंगावरच. आकडा मुलांना सांगत नाहीत, शिक्षकांनाही नाही. आईबापांना टपालाने.

आता गंमत. धाकट्याचं पत्र दारात पडलं ते त्यानेच फोडलं. आणि दुसऱ्या दिवशी शाळेत सगळ्यांनी आपापली पत्रं ताडून पाहिली. गुप्तता म्हणतात ती ही.

मुक्कामपोस्ट

अवांतर: रेल्वे स्टेशनवरची वजनाची यंत्रं कोणाला आठवतात? लाल-पिवळे दिवे लुकलुकायचे, चाक गरगर फिरायचं, नाणं टाकलं की खटॅक करून पुठ्ठ्याचं तिकीट. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. आम्ही भावंडं दोघं एकदम चढायचो, एका नाण्यात दोघांचं.

रातराणी७७

आणि चाक थांबायच्या आत चढायचं नाही, नाहीतर चुकीचं येतं, असं आजी बजावायची! माझी आजी तर भविष्यासाठीच चढायची. वजनाची बाजू बघायचीच नाही.

शेवग्याची शेंग

माझ्याकडे एक तिकीट आहे अजून. पाकिटात. शोधून सांगतो.

चहाबाज

धाग्याची गाडी स्टेशनात शिरली वाटतं. मी परत रुळावर आणतो. काल रात्री मुलाला विचारलं (तो नववीत), शाळेत वजन करताना काही वाटतं का रे? त्याने मोबाइलमधून मान वर न करता सांगितलं, "बाबा, मी दोन वर्षं त्या दिवशी दांडी मारतोय. तुम्हीच चिठ्ठी देता, पोट दुखतं म्हणून."

बाऊ हा शब्द मागे घेतो.

नाडीपरीक्षा

चहाबाज, हे लिहायला धीर लागतो. त्याला घेऊन या कुठल्याही डॉक्टरकडे, वजनाचं नाव न काढता. उंची मोजायला म्हणून.

खडू सर, तुमच्या डुगडुगत्या फरशीवर तोडगा. काट्याजवळच्या माणसाने आकडा बोलायचाच नाही. चिठ्ठीवर लिहून, दुमडून मुलाच्या हातात द्यायची, मूल ती टेबलाशी नेऊन देतं. मुलाला बघावंसं वाटलं तर वाटेत बघेल. बाकीचे वर्गात, दाराबाहेर पाचच जण. दोन माणसं आणि जुन्या वह्यांची कोरी पानं, एवढंच लागतं.

पाटीवरचा खडू

करून बघतो. पोरं वाटेत चिठ्ठ्यांची अदलाबदल करतील, पण ते माझं मी बघून घेईन.

आभाळवेडी (शनिवार, दुपारी ३:१५)

इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे वाचले. स्पष्टवक्ता, पिझ्झा महिन्यातून एकदा, आणि तो मी जास्त खाते.

काल शाळेत जाऊन आले. भांडायच्या तयारीने गेले होते. सरांना बावन्नकशीबद्दल सांगितलं तर ते एकदम गप्पच झाले. म्हणाले, "मी खरंच कौतुकाने म्हटलं होतं हो. हुशार आहे ती." व्हॅनमधलं त्यांना काहीच माहीत नव्हतं. मग बाईंना बोलावलं, त्यांना डॉक्टरांची चिठ्ठीची युक्ती सांगितली. बाईंनी लगेच विचारलं, "कागद कोण पुरवणार?" आम्ही पुरवू म्हटलं. दुसऱ्या सत्रापासून मुलींचं ग्रंथालयात, एकेकीचं, असं ठरलंय. बघू.

घरी येऊन लेकीला सांगितलं, आता कोणी आकडा ओरडणार नाही. मला वाटलं खूश होईल. थोडा वेळ विचार करून म्हणाली, "पण मला तरी सांगतील ना? आणि उंची पण सांगायला सांग. उंचीत मी पहिली आहे, ते कोणी ओरडलंच नाही."

क्लिपा अजून आरशापुढेच आहेत. पण आज थालीपीठ दोन खाल्ली.

लाल मातीवाला

उंचीत पहिली? कबड्डीला घाला की.

शेवग्याची शेंग

सापडलं तिकीट. मनमाड स्टेशन, माझ्या अक्षरात मागे १९८९ लिहिलंय. वजन ३१ किलो. पलीकडे हिंदीत, "आप शीघ्र ही बड़े आदमी बनेंगे."

काल घरच्या काट्यावर ५४. वाट बघतोय.